बरोबरच्या खुणा

आक्काची कल्याणच्या सेंटरमधली खुर्ची गेली ती माझ्यामुळे गेली. हे मी आजवर दोनच माणसांना सांगितलं आहे. एकीने ऐकून घेतलं, धडपडही केली, पण तिच्या हातात काही नव्हतं. दुसरी आक्का स्वतः. ती हसली.

हे मी आंबिवलीला आक्काच्या घरी बसून लिहिते आहे. दुपार आहे. आक्काचा डोळा लागला आहे आणि दाजी कॉटवरून खिडकीकडे बघत पडलेत. वही ऑफिसातली आहे. पुढची पानं भरलेली, मागची कोरी.

आक्का माझी थोरली बहीण. आमचं गाव घाटावरचं. गावात शाळा चौथीपर्यंतच होती, पाचवीला नदीपलीकडे जावं लागायचं, म्हणून मी चौथीत थांबले. आक्का दुसरीतच थांबलेली, कारण तेव्हा मी झाले आणि मला सांभाळायला तिला घरी ठेवलं. हे ती मला अजून ऐकवते. "तुझ्यापायी मी कलेक्टर व्हायची राहिले," म्हणते. घरातल्यांशी बोलताना तिच्या जिभेला धार असते. परका माणूस समोर आला, त्यातून दवाखान्यातला किंवा सरकारी, की तीच जीभ टाळूला चिकटते. आम्ही दोघी तशाच. मी तर घरातही कमी बोलते.

काही वर्षांपूर्वी तिच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. कल्याणला एका ट्रस्टचं सेंटर आहे, तिथे तिला सकाळची पाळी आणि कोपऱ्यातली खुर्ची मिळाली होती. मिळाली म्हणजे वर्षभर नाव वेटिंगला पडून होतं, तोवर दागिने मोडून बाहेर पैसे भरले. मग तिथला एक माणूस वारला आणि हिचा नंबर लागला. सकाळी सातला बसायची, अकराला सुटायची, बाराच्या आत घरी. बारालाच का, तर दाजींसाठी. त्यांना अर्धांगवायू झालेला आहे. उजवी बाजू गेली, वाचा गेली. घास भरवायला लागतो. मूलबाळ नाही. ती येईपर्यंत शेजारीण एकदोनदा डोकावून जायची. सकाळची पाळी आणि कल्याण, एवढ्या दोन गोष्टींवर हे घर उभं होतं.

मी कोलशेतला राहते. आमच्या चाळीसमोर पूर्वी रंगाचा कारखाना होता, आता तिथे काचेची इमारत आहे. तिच्या सातव्या मजल्यावरच्या ऑफिसात मी चहा, झाडलोट आणि कपबशा बघते. तिथे फोनवर बोलणारं यंत्र बनवतात. दवाखान्यातून रुग्णांना फोन जातो, वेळ सांगतात, वेळ बदलतात, येणार का विचारतात. पण पलीकडे माणूस नसतोच. आवाज मुलीचा, मराठी चांगली. ऑफिसात त्याला एजंट म्हणतात. मला आधी एजंट म्हणजे विम्याचा माणूस एवढंच माहीत होतं.

ते यंत्र शिकवण्याचं काम डोंबिवलीच्या एका इंजिनिअर मुलीकडे होतं. माझ्या मुलापेक्षा थोडी मोठी असेल. मी तिला मॅडम म्हणते, ती मला मावशी. एक दिवस ती पँट्रीत आली.

"मावशी, एक काम कराल? आमच्या एजंटशी फोनवर बोलायचं. तुम्ही घरी बोलता ना, अगदी तसं."

मी म्हटलं, "मला नाही येत मॅडम तसलं."

"तसलं काही नाहीच आहे. ऑफिसातले सगळे त्याच्याशी एकसारखंच बोलतात. मला खरं माणूस पाहिजे."

"मग हे सगळे कोण आहेत?" असं माझ्या तोंडून निघून गेलं. ती खळखळून हसली आणि माझ्या हातात एक नवी वही दिली. हीच ती वही.

रोज दुपारी जेवणानंतर तास-दीड तास हे काम असायचं. ती मला एक चिठ्ठी द्यायची. चिठ्ठीवर लिहिलेलं असायचं, तुमची वेळ सोमवारी आहे, ते तुम्हाला मंगळवारी बोलावतील, तुम्हाला मंगळवारी जमत नाही. बाकी बोलायचं कसं ते माझ्यावर. मग फोन वाजायचा. बोलून झालं की वहीत लिहायचं. पहिल्या रकान्यात मी काय म्हटलं, दुसऱ्यात एजंटने काय केलं, तिसऱ्यात बरोबर की चूक, चौथ्यात कारण. आमचं बोलणं आपोआप रेकॉर्ड होतच असे.

पहिल्याच दिवशीचं आठवतं. एजंट म्हणाली, मंगळवारी सकाळी नऊला याल का? मी म्हटलं, "मंगळवार का... बरं, बघते हं. घरी विचारते." ती म्हणाली, "धन्यवाद. मंगळवारी सकाळी नऊची तुमची नोंद केली आहे." मी वहीत फुली मारली. कारण लिहिलं, मी येते म्हटलं नव्हतं.

संध्याकाळी सर बाहेर आले. सर म्हणजे त्या सगळ्यांचे वरचे. हातात माझी वही. हॉलमध्ये सगळ्यांसमोर त्या मुलीला म्हणाले, "दोन महिने झाले, साधा नकार कळत नाही तुझ्या एजंटला? जे चहा करणाऱ्या बाईला कळतं ते?" तीसेक माणसांनी माना वर केल्या. काहींनी तिच्याकडे बघितलं, काहींनी माझ्याकडे. मी ट्रे घेऊन उभी होते. 

थोड्या वेळाने ती पँट्रीत आली आणि मी कप विसळत होते त्याच बेसिनवर तोंड धुतलं. डोळे लाल झालेले. जाताना म्हणाली, "मावशी, तुमचं बरोबर होतं हां. तुम्ही असंच लिहीत जा." तिने ओरडा खाल्ला तो माझ्या एका फुलीमुळे, आणि वर मलाच ती समजावत होती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तशीच चिठ्ठी आली. पुन्हा मी बघते म्हटलं आणि पुन्हा त्या आवाजाने नोंद करून टाकली. माझी पेन्सिल तिसऱ्या रकान्यावर बराच वेळ अडली. मी मनाशी म्हटलं, मी तरी नाही कुठे म्हटलं होतं? आमच्यात नाही कुणी तोंडावर म्हणतच नाही. माझ्या लग्नाच्या वेळी तीन ठिकाणची माणसं बघून गेली, तिघांनीही कळवतो म्हणून सांगितलं, आणि आमची आई त्यांना दारापर्यंत पोचवून आत येऊन निमूट पोह्यांच्या बश्या उचलायला लागायची. त्या आवाजाला हे कोण शिकवणार? आणि आवाज तरी किती अदबीचा. मला सारखं वाटायचं की फुली मारली तर कुठेतरी एक मुलगी बोलणी खाणार आहे. तशी ती खायचीच. मी बरोबरची खूण केली. कारणाच्या रकान्यात लिहिलं, नीट बोलली.

त्यानंतर मी फुली फारशी मारली नाही. अगदीच नाव चुकलं, तारीख चुकली तर. पण माझ्या "बघते"ला त्या आवाजाने हो धरलं, की मी खूण करत गेले. वही भरत गेली. सर खूश दिसायला लागले, एका शुक्रवारी सगळ्यांना वडापाव मागवले. ती मुलगी पँट्रीत गुणगुणायला लागली. मला बरं वाटायचं. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटायचं.

मग ठरलं की एकेक फोन करून तपासायला माणसाला फार वेळ लागतो, तर तपासणारीही यंत्रंच घ्यायची. बाजारात तशी तयार मिळतात म्हणे. तीन मागवली, वापरून बघायला. त्यांना नावं होती, पण ती मुलगी एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर म्हणायची, तेच माझ्या डोक्यात राहिलं. प्रत्येकाची दोन कामं. खोटी माणसं तयार करून आमच्या एजंटला फोन करायचा, आणि झालेलं बोलणं ऐकून ते बरोबर की चूक ते ठरवायचं. मुलीने तिघांवर एकेक प्रकरण लिहायचं होतं. कसं बसवायचं, काय पकडतं, कुठे फसतं. शेवटी कुठलं घ्यायचं ते. ती पँट्रीत बसून लिहायची, कारण तिथे शांत असतं आणि मी मध्ये बोलत नाही.

खोट्या माणसांचे फोन ती मला ऐकवायची. एक रागावलेला माणूस होता, एक घाईतली बाई, एक आजी. आजी म्हणाली, "प्रकृतीच्या कारणास्तव मला सदर वेळ सोयीची नाही."

मुलगी म्हणाली, "मावशी, अशी आजी आहे का हो तुमच्या चाळीत?"

"असती तर चाळीचा सेक्रेटरी तिलाच केला असता," मी म्हटलं. ती टेबलावर डोकं ठेवून हसत राहिली.

पण हसता हसता माझ्या एक गोष्ट ध्यानात आली होती. ती खोटी माणसं नाही म्हणायची. रागावून, घाईत, खोकत, पण चक्क नाही म्हणायची. बघते, विचारते, कळवते असं त्यांच्यातलं एकही म्हणत नव्हतं. हे मी त्या मुलीला सांगायला हवं होतं. तेव्हा ती इतकी हसत होती.

नंतर तिने माझी सगळी जुनी रेकॉर्डिंगं तिन्ही यंत्रांना दिली. त्यांनी काय ठरवलं आणि माझ्या वहीत काय आहे, ते शेजारी शेजारी मांडायचं. जे यंत्र माझ्याशी जास्त जुळेल ते चांगलं. "तुमची वही म्हणजे आमची उत्तरपत्रिका आहे मावशी," ती म्हणाली. चौथीनंतर मी कुठली उत्तरपत्रिका हातात धरली नव्हती.

एक नंबर कधी इकडे, कधी तिकडे. तीन नंबर जवळजवळ सगळीकडे माझ्यासारखं. आणि दोन नंबरने माझ्या खुणांच्या जागी फुल्यांवर फुल्या मारलेल्या.

"दोन नंबर तुमच्याशी भांडतंय," ती मुलगी म्हणाली. "हे ऐका." तिने कानाला लावायचं दिलं. माझाच आवाज. बरं, बघते हं, घरी विचारते. "इथे तुम्ही बरोबर दिलंय. दोन नंबर म्हणतं, बाईने होकार दिलेलाच नाही. आता तुम्हीच सांगा, ती बाई तुम्हीच आहात ना."

तिने सरळ विचारलं होतं. माझ्याकडे बघून, पेन हातात घेऊन. पँट्रीच्या काचेतून सरांची केबिन दिसते. सर फोनवर होते. मी त्या मुलीच्या डोळ्यांकडे बघितलं आणि म्हटलं, "बरोबरच आहे ते. मी हो म्हटल्यासारखंच आहे."

"नक्की?"

"हो."

तिने लिहून घेतलं. दोन नंबरपुढे तिने इंग्रजीत जे लिहिलं त्याचा अर्थ मी विचारला तेव्हा म्हणाली, "उगाच कडक." कागद छापून आले ते मीच पंच करून फाईलला लावले. त्यात एका ठिकाणी माझा उल्लेख होता, तो तिने बोट ठेवून दाखवला. मानवी परीक्षक क्रमांक एक. दोन कुणी नव्हतंच.

तीन नंबर विकत घेतलं. वर्षभरासाठी.

पुढे दिवाळीनंतर कळलं की कल्याणच्या त्या ट्रस्टनेही आमचा एजंट घेतला. मी आक्काला फोन करून सांगितलं. तिला कोण आनंद.

"म्हणजे तुझं ऑफिस मला फोन करणार?"

"ऑफिस नाही गं, ते मशीन."

"मशीनच ना, पण तू शिकवलेलं. मला मान देऊन बोलेल ना? का तुझ्यासारखं हं हं करेल नुसतं?"

पहिले काही आठवडे ती मला फोनवर सांगायची, "तुझी पोरगी आज बोलली हं माझ्याशी. उद्या येणार का विचारत होती. म्हटलं येते बाई." सेंटरमधल्या नर्सलाही तिने सांगून टाकलेलं, माझ्या बहिणीने शिकवलंय म्हणून.

मग एका सोमवारी ती सकाळी सातला गेली तर कोपऱ्यातल्या खुर्चीत दुसरी बाई. आक्काला वाटलं आपली खुर्ची बदलली असेल. उभी राहिली. नर्सने यादी बघितली आणि म्हणाली, "आजी, तुमचं नाव आता ठाण्याला आहे. वर्तकनगरला आपलं नवीन सेंटर सुरू झालं ना, तिकडे. दुपारी बाराची पाळी. तुम्हीच तर फोनवर हो म्हणालात."

आक्का तशीच घरी परत आली. त्या दिवशी डायलिसिस झालं नाही. मला तिने दुसऱ्या दिवशी सांगितलं, आणि तेही तिला दम लागत होता म्हणून.

"तू हो म्हणालीस?" मी विचारलं.

"मी कशाला हो म्हणू? ती म्हणाली ठाण्याला जागा आहे, तिकडे चालेल का. मी म्हटलं, बरं बघते हं, ह्यांना विचारते."

ह्यांना विचारते. दाजींची वाचा जाऊन सहा वर्षं झाली. आक्का कुणाला ह्यांना विचारते म्हणाली की तिला ते करायचं नाही, हे आमच्या घरातल्या लहान पोरालाही कळतं.

मी त्या मुलीला पँट्रीत गाठलं. आयुष्यात मी कुणाला असं थांबवलेलं नाही. तिने रेकॉर्डिंग शोधून काढलं आणि आम्ही दोघींनी हेडफोनचं एकेक टोक कानाला लावून ऐकलं. आक्काचा आवाज बारीक, अवघडलेला, दवाखान्यातल्या मोठ्या माणसाशी बोलावं तसा. मागे दाजींच्या कॉटची करकर. मग तो अदबीचा आवाज. धन्यवाद, तुमची नोंद केली आहे. खाली तीन नंबरचा शेरा होता. ती मुलगी वाचून दाखवता दाखवता थांबली. बरोबर, असा होता.

मी सगळं सांगितलं. पहिली फुली, तिचं तोंड धुणं, नंतरच्या खुणा. ती ऐकत राहिली. "मावशी, मी तुम्हाला विचारलेलं," एवढंच म्हणाली. रागावली नाही. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

तिने जेवढं करता येईल तेवढं केलं. कल्याणच्या सेंटरला ऑफिसकडून फोन लावला. ते म्हणाले, चूक झाली असेल, पण ती जागा वेटिंगवरच्या शहाडच्या बाईला दिली, तिला दोन लहान मुलं आहेत, आता तिला काय उठ म्हणून सांगायचं? तुमच्या पेशंटचं नाव पुन्हा कल्याणच्या वेटिंगला लावतो. मग ती मुलगी मला म्हणाली, "आपण वही परत तपासू. खरं खरं. मी सरांना दाखवते, दोन नंबर बरोबर होतं म्हणून. निदान बाकीच्या लोकांचं तरी..."

चार दिवस दुपारी बसून मी माझीच सगळी बोलणी पुन्हा ऐकली. जिथे फुली हवी तिथे फुली मारली. लाल पेनने. पाचव्या दिवशी ती मुलगी वही घेऊन केबिनमध्ये गेली. दार उघडंच होतं. सर आवाज चढवून बोलत नव्हते, शांतपणेच बोलले.

"तेव्हा बरोबर, आता चूक. एकच बाई, एकच रेकॉर्डिंग. मग हिच्यावर भरवसा कसा ठेवायचा?"

"सर, तेव्हा त्या घाबरून..."

"आणि आता त्यांच्या बहिणीचं झालंय म्हणून. हे पण एक कारणच आहे ना? जे यंत्र रोज तेच उत्तर देतं ते मी धरणार. तू ह्यात आणखी वेळ घालवू नकोस."

मला सरांचं बोलणं चुकीचं वाटलं नाही. बाजारात भाजीवालीने एकदा एक आणि एकदा दुसरं माप घातलं तर मीही तिच्याकडे परत जात नाही. जुन्या खुणा कागदावर चढल्या होत्या, छापून फाईलला लागल्या होत्या. लाल फुल्या वहीतच राहिल्या. तपासणीचं काम माझ्याकडून काढून घेतलं. ती मुलगी आता पँट्रीत बसत नाही, चहा जागेवर मागवते. बोलते गोडच.

आक्काला मी आंबिवलीला जाऊन सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. सगळं ऐकलं आणि हसायला लागली, इतकी की खोकला आला.

"तुला त्या पोरीला फुली मारवेना आणि मला तिला नको म्हणवेना. आईने आपल्याला काय खाऊ घातलं होतं गं?"

"आक्का, हसू नको."

"मग रडू? ह्यांच्यासमोर?"

मी म्हटलं माझ्याकडे राहायला चल, कोलशेतहून वर्तकनगर जवळ आहे. एक खोली आहे, पण कसंही करू. ती म्हणाली, "आणि ह्यांना? पिशवीत घालून आणू?" मी म्हटलं त्या शहाडच्या बाईला भेटू, विनंती करू. त्यावर मात्र ती चिडली. "तिला उठवून मी बसू? तिची पोरं शाळेतून घरी आल्यावर काय करतील? खुळी आहेस." बाहेर पैसे भरून करायची आमच्यापैकी कुणाचीच ऐपत नाही, तो विषय निघालाच नाही.

ती ठाण्याला यायला लागली. आंबिवलीहून कल्याण, कल्याणहून ठाणे, तिथून रिक्षा. बाराला बसायची, चारला सुटायची. मी दोन तासांची सुट्टी काढून तिला स्टेशनवर सोडायला जायचे. पाय लटपटायचे, ओठ पांढरे. घरी पोचायला सात वाजायचे. दाजी सकाळपासून तसेच. शेजारीण दुपारी भरवायला यायची, पण दाजी तिच्या हातून तोंड उघडत नाहीत. एकदा आक्का पोचली तेव्हा ते कॉटवरून खाली पडलेले होते. किती वेळ पडून होते ते सांगायला त्यांना वाचा नाही. तो तिचा शेवटचा पूर्ण आठवडा. मग तीनचे दोन झाले, दोनाचा एक. सेंटरच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन काय होईल ते स्पष्ट सांगितलं. आक्काला सांगायची गरज नव्हती. ती तिथे इतकी वर्षं बसलेली. किती खुर्च्या रिकाम्या झाल्या ते तिने मोजलेलं होतं.

मग तिने जाणं थांबवलं. पण फोन यायचा तो यायचाच. आदल्या दिवशी, दुपारी. उद्या बारा वाजता आपण येणार आहात ना? आणि आक्का म्हणायची, "हो हो, येते ना." फोन ठेवून कुशीवर वळायची. मी विचारलं, जायचं नसतं तर येते कशाला म्हणतेस? म्हणाली, "एवढं विचारते बिचारी."

मी रजा टाकून इथे आले आहे. परवाची गोष्ट. आक्काच्या चेहऱ्यावर सूज आलेली, उशीला टेकून बसली होती. बोलताना मध्ये मध्ये थांबत होती. म्हणाली, "मी येते म्हणते, जात नाही. म्हणजे ती खुर्ची बारा ते चार रिकामी राहते गं. वेटिंगवर माणसं असतील." तेवढ्यात फोन वाजला. तिने तो माझ्याकडे सरकवला. 

"तू सांग. मला नाही जमायचं."

मी हिरवं बटण दाबलं. तोच आवाज. नमस्कार म्हणाला, आक्काचं पूर्ण नाव घेतलं, उद्या बारा वाजता येणार का विचारलं. मी आक्काकडे बघितलं. तिने मान हलवली.

मी म्हटलं, "नाही. त्या येणार नाहीत."

"उद्या येणार नाहीत, की यापुढेही येणार नाहीत?"

"यापुढेही नाही."

"ठीक आहे. आपली जागा रद्द करत आहे. बरोबर?"

मी म्हटलं, "बरोबर."

फोनवरच्या त्या पोरीला एका फटक्यात कळलं. काही चुकलं नाही. काळजी घ्या म्हणाली आणि फोन बंद झाला.

"काय म्हणाली?" आक्काने विचारलं.

"काळजी घ्या म्हणाली."

"घेऊ," आक्का म्हणाली. मग म्हणाली, "पाणी दे. पेला भरून दे."

डायलिसिसच्या माणसाला पाणी मोजून असतं. इतकी वर्षं एक लहान बाटली दिवसभर पुरवायची, उन्हाळ्यात बर्फाचा तुकडा चघळायची. मी माठातून स्टीलचा मोठा पेला भरून आणला, काठोकाठ, आणि तिच्या पाठीला हात लावून धरला. दाजी बघत होते. तिने दोन घोट घेतले, तिसरा अर्धा घेतला आणि पेला बाजूला केला.

"पुरे," म्हणाली. "जास्त प्यायची सवयच गेली."